साठ खोल्यांची पेटी

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी एक तरुण माझ्याकडे एक काळी लोखंडी पेटी घेऊन आला. दोन वितींहून थोडी रुंद आणि जेमतेम पावणेदोन इंच उंच. त्याचे वडील गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांचा ध्वनी सांभाळत. ते वर्षभरापूर्वी गेले. "काका, बाबांचा सगळा घुमारा ह्या पेटीत आहे," तो म्हणाला, "पण आता दिवे लागतात आणि आवाज मात्र येत नाही."

पेटीत घुमारा! माझ्या नातीला ह्याचे मोठे नवल वाटले. तिने गोलघुमट पाहिला होता; एवढा घुमट ह्या डब्यात मावला कसा?

प्रश्न रास्त होता. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. भिंत 17 मीटरांवर असेल, तर आपला शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्शात परत येतो आणि कानाला तो वेगळा ओळखू येऊ लागतो. असे शेकडो प्रतिध्वनी दाटीने एकमेकांवर आले, की त्यांचा घुमारा होतो. म्हणजे घुमाऱ्याला जागा हवी. माणसाने मग हळूहळू ही जागाच नाहीशी करत आणली, हा ह्या पेटीचा इतिहास.

प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली. त्या जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. बोलपटाच्या त्या आरंभीच्या काळात मोठ्या दालनाचा भास हवा असेल, तर सरळ उपाय म्हणजे मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून दूर न्यायचा आणि दालनालाच बोलू द्यायचे. प्रभातने 1937 च्या 'कुंकू'त तर पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातल्या साध्या आवाजांवर भिस्त ठेवली. जागा कशी ऐकू येते, ह्याचे भान पुण्याला जुनेच आहे.

पुढे 1947 साली शिकागोत बिल पटनम ह्या ध्वनिमुद्रकाने स्नानगृहातला घुमारा एका तबकडीसाठी वापरला. न्हाणीघरात आपला गळा गोड लागतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. त्याने त्याचा धंद्यात उपयोग केला, इतकेच. जर्मनीत 1957 साली खोलीऐवजी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा ताणून बसवला. ध्वनीने तो थरथरवायचा आणि ती थरथर टिपायची. कोणी फिरत्या चुंबकीय फितीवर आवाज नोंदवून तो पुढच्या टोकाला वाचला. फीत सेकंदाला साडेसात इंच धावते आणि दोन टोकांत दीड इंच अंतर आहे, तर प्रतिध्वनी येतो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने. 1976 साली तर पत्रा आणि फीत दोन्ही गेली. आवाजाचे आकडे करून विलंबाची सारी बेरीज गणकाच्या चकत्यांवर होऊ लागली. पुढच्या दहा वर्षांत तेच काम टेलिफोन खात्याच्या जुन्या मापाच्या मांडणीत, एकोणीस इंची रॅकमध्ये बसणाऱ्या ह्या पेटीपर्यंत आले.

पेटी जपानी होती, शंभर व्होल्टांची. आपल्या 230 व्होल्टांवर सरळ जोडली असती तर धूर निघता. पण वडिलांनी सोबत उतरता ट्रान्सफॉर्मर ठेवलेला होता. झाकण काढले. आवाज बंद पडण्याचे कारण क्षुल्लक होते: बाहेर जाणाऱ्या सॉकेटाचा डाख तडकला होता. वीजपुरवठ्याचे दोन कपॅसिटर वाळले होते. ते तापकीर गल्लीत मिळाले. खरी चिंता होती ती बटणाएवढ्या बॅटरीची.

कारखान्याने घालून दिलेले तीस घुमारे त्या पेटीत कायमचे कोरलेले असतात. उरलेल्या साठ जागा मालकाच्या. त्या ह्या बॅटरीवर जगतात. ती तीन व्होल्टांची. मापली तर अडीचच्याही खाली. काढली की साठही कोरे होणार.

मी पडद्यावर एकेक पाहू लागलो. रोमन लिपीत नावे होती: मंडई, बालगंधर्व, टिळक स्मारक, लग्न, पाऊस. मोकळ्या मंडईत घुमारा लांब, कारण तिथे भिंत देणारे कोणी नाही. बालगंधर्वाला आखूड, कारण रंगमंदिर स्वतःच थोडे घुमते. 'पाऊस'मध्ये वरचे तीव्र स्वर वाढवलेले. ताडपत्रीवरचा पाऊस गाणे गिळतो म्हणून असावे. एका माणसाच्या कानाने घेतलेली ती पुण्याची मोजणी होती आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

बॅटरीला हात लावण्याआधी मी आणि तो तरुण वही घेऊन बसलो. तो वाचे, मी लिही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री साठावा घुमारा उतरला. मगच बॅटरी काढली, नवीसाठी खाचा बसवला, म्हणजे पुढच्याला डाख सोडवावा लागू नये. पडदा कोरा झाला, तेव्हा तो तरुण क्षणभर गप्प बसला. मग त्याने स्वतः आकडे परत भरले.

शेवटी मायक्रोफोन लावला आणि 'मंडई' काढली. "चेक, चेक," तो म्हणाला. त्याचे वडीलही असेच म्हणत, असे त्याने सांगितले.

पेटी तो घेऊन गेला. वही मात्र त्याने दोनदा उतरवून घेतली आणि एक प्रत माझ्याकडे ठेवली. बॅटरी पुन्हा एक दिवस संपेलच.