दिल्लीचा उन्हाळा आणि गारव्याचा इतिहास: सोऱ्यापासून गॅरेजमधल्या फ्रीझरपर्यंत

दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २९ मे २०२४ रोजी त्याच ठिकाणी पारा ४६.८ अंशांवर गेला. अशा शहरात आणि आजूबाजूच्या गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबादेत अनेक घरांत फ्रीजशिवाय एक डीप फ्रीझरही असतो. हिवाळ्यात स्वस्त झालेला मटार सोलून वर्षभरासाठी ठेवायचा, आणि इथल्या मराठी घरांत त्याच्या जोडीला हापूसचा रस आणि खवलेला नारळ. स्वयंपाकघरात जागा नसते, म्हणून हे यंत्र गॅरेजमध्ये जाते. ते तिथे नीट चालेल का, हा प्रश्न घरगुती वाटतो. पण त्याचे उत्तर ज्या नियमात आहे, तो नियम उत्तर भारतातील गारव्याच्या चारशे वर्षांच्या इतिहासातून चांगला समजतो.

नियम असा: थंडी निर्माण करता येत नाही. उष्णता एका जागेतून काढून दुसऱ्या जागी टाकता येते. म्हणून गारव्याच्या प्रत्येक तंत्राला एकच प्रश्न विचारावा: उष्णता टाकली कुठे?

१. सोरा आणि डोंगरातला बर्फ

अकबराच्या दरबारातील व्यवस्थेचे वर्णन अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त केले आहे. जस्त-कथलासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत पाणी भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा आणि पाच शेर पाणी घालून त्या मिश्रणात सुरई सुमारे पाव तास फिरवायची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सुरईतले पाणी गार होते. तोफेच्या दारूत आग भडकवणारा पदार्थ इथे थंडावा देतो, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले होते. मात्र सोरा विरघळून संपला की काम थांबते. १५८६ पासून दरबार पंजाबात असताना लाहोरला सुमारे ४५ कोसांवरच्या डोंगराळ भागातून बर्फ येऊ लागला. होड्या, गाड्या आणि हमाल यांच्या साहाय्याने तो आणला जाई. गारवा हा श्रमांच्या जोरावर मिळणारा ऐषाराम होता.

२. आकाशात टाकलेली उष्णता

१७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातील बर्फ बनवण्याची पद्धत नोंदवली. मोकळ्या जागी उथळ खड्डे खणायचे, त्यात उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरायची आणि त्यावर पाण्याने भरलेल्या, झिलई नसलेल्या उथळ मातीच्या परळांच्या रांगा मांडायच्या. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री हवा गोठणबिंदूपर्यंत उतरली नसली तरी पहाटे परळांत बर्फाचा पापुद्रा दिसे. चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, मातीतून थोडे बाष्पीभवन होई आणि पाण्याची उष्णता प्रारणाने थेट आकाशाकडे जाई. सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करून खोल खड्ड्यात ठोकून भरत आणि उन्हाळ्यासाठी राखून ठेवत. इंधन शून्य, माणसे मात्र शेकडो.

३. समुद्रमार्गे आलेला बर्फ

बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. भुशाचे उष्णतारोधन काय करू शकते, याचा हा मोठा प्रयोगच होता. मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आज विवेकानंद हाउस म्हणून ओळखले जाते. पण हा व्यापार बंदरांचा होता. आगगाडी दिल्लीला पोहोचली १८६० च्या दशकात, आणि लवकरच यांत्रिक बर्फाचे कारखाने आल्याने अमेरिकेचा बर्फ मागे पडला.

४. यंत्र घरात येते

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून फरीदाबादची औद्योगिक वसाहत उभारली गेली. पुढे त्याच शहरात केल्व्हिनेटरचे फ्रीज तयार होऊ लागले. १९९५ मध्ये व्हर्लपूलने ही कंपनी घेतली. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज आणला होता. आता बर्फ आणावा लागत नव्हता, पण उष्णता टाकायची जागा बदलली होती. आकाश किंवा डोंगर नव्हे, तर यंत्राच्या मागची किंवा बाजूची हवा. त्या हवेचे तापमान हाच आता कळीचा मुद्दा झाला.

५. गॅरेजचे गणित

फ्रीझरच्या आत −१८ अंश, म्हणजे २५५ केल्विन. बाहेर २५ अंश असतील तर फरक ४३. बाहेर ४५ अंश असतील तर फरक ६३. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे १.४७ पट. कार्नोच्या नियमानुसार तेवढीच उष्णता बाहेर काढायला लागणारे कामही फरकाच्या प्रमाणात, म्हणजे पुन्हा १.४७ पट वाढते. दोन्हींचा गुणाकार सुमारे २.१५. आदर्श यंत्रालाही दुपटीहून जास्त वीज लागेल. खऱ्या यंत्राचा कंडेन्सर हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे नेमके आकडे बदलतात, पण कल हाच राहतो. कॉम्प्रेसरला विश्रांती मिळेनाशी होते.

आंतरराष्ट्रीय मानकांतील उष्णकटिबंधीय ‘टी’ वर्गाची मर्यादा ४३ अंश आहे. पत्र्याच्या छपराचे, बंद शटरचे गॅरेज ती दुपारी सहज ओलांडते. शिवाय यंत्र जितकी वीज घेते, तितकी उष्णता शेवटी त्याच गॅरेजमध्ये साठते.

त्यात वीज जाण्याचा प्रश्न. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील ग्रिड कोसळली तेव्हा दिल्लीही अंधारात गेली. पूर्ण भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर साधारण ४८ तास, तर अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. तापलेल्या गॅरेजमध्ये ही मुदत घटते. ट्यूडरच्या जहाजाचा धडा इथेही लागू पडतो: जास्त बर्फ, कमी फटी.

म्हणून फ्रीझर गॅरेजमध्ये ठेवायचाच असेल तर वर्ग ‘टी’ निवडावा, भिंतीपासून अंतर सोडावे, छपराखाली उष्णतारोधक थर द्यावा, आरपार वारा खेळता ठेवावा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. पेट्रोलचा डबा त्या खोलीत नसावा, कारण स्विचची ठिणगी पुरेशी असते. स्टिल्ट पार्किंगची मोकळी, सावलीतली जागा बंद गॅरेजपेक्षा बरी.

मोगल काळात गारव्याची किंमत हमालांच्या पाठीवर दिसत असे. आज ती वीजबिलात असते, आणि उरलेली शेजारच्या गल्लीतल्या गरम हवेत. ज्याच्याकडे यंत्र नाही, तोही ती हवा घेतो.

विचारासाठी प्रश्न

१. गॅरेजचे तापमान ४५ वरून ३८ अंशांवर आणल्यास आदर्श यंत्राची वीज किती टक्के वाचेल?

२. बार्करने वर्णिलेली पद्धत ढगाळ रात्री का फसेल?

३. फ्रीझरचे झाकण उघडे ठेवले तर बंद गॅरेज थंड होईल का? ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने स्पष्ट करा.