रेडिओ लहरी
१. रेडिओ लहरी : प्रकाश, क्ष-किरण आणि या लहरी मुळात एकच, विद्युत व चुंबकीय क्षेत्रांची, निर्वातातही सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जाणारी कंपने. फरक तरंगलांबीचा, पण तोच निर्णायक. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पत्र्याच्या नाहीत, पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून प्रकाश आरपार जातो. हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटरच्या लहरींना मात्र तीच जाळी सलग आरशासारखी असते, कारण तिची भोके लहरींपेक्षा कितीतरी बारीक. वाराही निघून जात असल्याने सांगाडा हलका ठेवता आला. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या कल्पकतेला मूळ मजकुरात अधिक जागा हवी होती, असे आम्हांस मनापासून वाटते. — संपा.