धरणाखालची नदी आणि तिचे किडे

१३ मार्च १९६३ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्या दिवसापासून कोलोरॅडो नदीचा रंग पालटू लागला. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबूस. गाळाने तांबडीलाल होऊन वाहणारी ही नदी ७१० फूट उंचीच्या भिंतीशी अडली. गाळ मागे राहिला आणि ग्रँड कॅन्यनच्या दरीत जलाशयाच्या खोल थरांतले नितळ, हिरवट, गारठलेले पाणी वाहू लागले. पाहणाऱ्यास वाटावे की नदी पूर्वीपेक्षा निर्मळ झाली.

परंतु नदीची प्रकृती केवळ पाण्याच्या निर्मळपणावरून ओळखता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी पाण्यातील जीवजंतूंवरून प्रदूषणाची प्रत ठरविण्याची पद्धत मांडली. बाटलीतले पाणी त्या घटकेपुरतीच साक्ष देते. तळच्या दगडाला चिकटलेला किडा मात्र महिनोन्‌महिने तेथेच राहिलेला असतो. म्हणून ओढ्यात चौकटीची जाळी लावून, तिच्यापुढचे दगड हाताने चोळून, वाहत येणारे किडे मोजण्याचा प्रघात पडला. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन जातींचे किडे विपुल सापडले, तर प्रवाह सुदृढ समजावा.

धरणाखालच्या कोलोरॅडोत हे तिन्ही जवळजवळ नाहीतच. माशांना खाद्य मिळावे म्हणून १९६० नंतरच्या दशकात मेफ्लाय बाहेरून आणून सोडण्यात आले. ते टिकले नाहीत. राहिली ती मुख्यतः चिलटे. पाणी थंड झाले, गाळ गेला, ही कारणे उघड होती. पण तेवढ्याने उलगडा होत नव्हता.

एवढ्या मोठ्या, खळाळत्या नदीत जाळी लावणे दुष्कर. तेव्हा २०१२ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील थिओडोर केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी युक्ती योजली. दरीतून तराफे नेणाऱ्या वाटाड्यांना त्यांनी एकेक लहान दिवा आणि मद्यार्काचे एक पसरट भांडे दिले. मुक्कामाच्या जागी सांज झाली की काठावर तासभर दिवा लावावयाचा आणि भांड्यात पडलेले किडे बाटलीत भरून आणावयाचे. पावसाळ्यात कंदिलाभोवती किड्यांची झुंबड ज्याने पाहिली आहे, त्यास ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. अशा रीतीने अडीच हजारांहून अधिक नमुने जमले. इतक्या अल्प खर्चात एवढी सामग्री कोणत्याही सरकारी खात्यास क्वचितच लाभते.

त्या नमुन्यांतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. विजेची मागणी दिवसा वाढते, रात्री उतरते. त्यानुसार धरणातून पाणी कमीअधिक सोडले जाते आणि नदीला रोज कृत्रिम भरती-ओहोटी येते. ही लाट दरीतून खाली सरकते, त्यामुळे संध्याकाळी कोठे भरती असते, कोठे ओहोटी. पुष्कळ किडे संध्याकाळी, पाण्याच्या अगदी कडेला अंडी चिकटवितात. संध्याकाळी पाणी चढलेले असेल, तर पुढे ते उतरताच अंडी उघडी पडून वाळतात. संध्याकाळी ओहोटी असेल तेथे ती पाण्याखालीच राहतात. चिलटांची संख्या नेमकी याच क्रमाने कमीअधिक आढळली. चिलटे निदान काही ठिकाणी तगली; ज्यांची सारी अंडी काठालाच असतात त्या जातींचा मात्र निभाव लागला नाही. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पश्चिम अमेरिकेतील १६ धरणांची तुलनाही त्यात होती: जेथे रोजचा चढउतार मोठा, तेथे या किड्यांचे वैविध्य कमी.

आता प्रश्न विजेचा होता. त्या भागातील गावांना ती हवीच होती. आणि दरीतले मासे, वटवाघळे, सरडे यांचे पोट या किड्यांवर. तोडगा निघाला तो साधाच. शनिवार-रविवारी विजेची मागणी तशीही मंदावते. २०१८ च्या मे ते ऑगस्ट या महिन्यांत दर आठवड्याअखेर पाणी खालच्या पातळीवर स्थिर ठेवण्यात आले, म्हणजे त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पुढे आठवडाभर ओलीच राहावीत. त्या उन्हाळ्यात वाटाड्यांच्या भांड्यांत कॅडिसफ्लाय पूर्वीपेक्षा अधिक पडू लागले. २०१९ आणि २०२० सालीही धरणावरच्या अधिकाऱ्यांनी तोच क्रम चालू ठेवला.