सोन्याच्या गावातील ड्रॅगन

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो हे सोन्यावर वसलेले गाव. १८५१ साली येथे सोने सापडले आणि पाहता पाहता माळावर तंबूंची नगरी उभी राहिली. पर्यटक आज येथे येतात ते १९५४ मध्ये बंद पडलेल्या सेंट्रल डेबोरा खाणीत उतरण्यासाठी आणि जुन्या ट्रामगाडीतून फेरफटका मारण्यासाठी. हे पाहण्याजोगे आहे खरे. परंतु ज्याला गावाचा इतिहास समजून घ्यावयाचा आहे, त्याने ईस्टरला निघणारी ड्रॅगनची मिरवणूक पाहावी, असे आम्हांस वाटते.

सोन्याच्या वार्तेने दक्षिण चीनमधून हजारो माणसे आली. त्यांचे स्वागत झाले नाही. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला. जहाजे मग शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात माणसे उतरवू लागली आणि तेथून ही मंडळी शेकडो मैल पायी चालत खाणींपर्यंत पोहोचली. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. करामुळे माणसे थांबली नाहीत, त्यांचा रस्ता तेवढा लांबला.

बेंडिगोच्या ईमू पॉइंट भागात त्यांनी बांधलेले तांबड्या विटांचे देऊळ अद्याप उभे आहे. त्यातील ग्वान दी हा मूळचा एक सेनापती. पराक्रमी पुरुषास देवत्व देण्याची ही रीत मराठी वाचकास परकी वाटू नये.

१८७१ मध्ये गावात ईस्टरची जत्रा सुरू झाली, ती रुग्णालय व निराधारांचा आश्रम यांसाठी निधी जमविण्याकरिता. त्याच दशकात चिनी मंडळी आपली वाद्ये, निशाणे आणि रेशमी वस्त्रे घेऊन तीत सामील झाली. ज्या गावाने त्यांना परके लेखले, त्याच गावच्या दवाखान्यासाठी! हे औदार्य होते की व्यवहारी शहाणपण? दोन्ही असावे, परमुलखात चार पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांना ते उलगडून सांगावयास नको.

१९०१ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे संघराज्य झाले. त्या सोहळ्यासाठी बेंडिगोच्या चिनी नागरिकांनी आपला ‘लूंग’ हा ड्रॅगन मेलबर्नच्या रस्त्यांवरून मिरविला. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या संसदेने स्थलांतरबंदीचा कायदा केला. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखविणे ही त्यातील परीक्षा! उमेदवार नापास व्हावा म्हणूनच घेतलेली अशी परीक्षा आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

पुढे चिनी वस्ती ओसरत गेली. ड्रॅगन पेलावयास तर पन्नासाहून अधिक माणसे लागतात. तेव्हा गावातील इतर लोकही त्यास हात लावू लागले. १९७० मध्ये हाँगकाँगहून ‘सुन लूंग’ आला. गोऱ्यांखेरीज इतरांना अडविणारे ते धोरण १९७३ मध्ये सरकारी रीतीने संपले, त्याच्या आधीच. १९९१ मध्ये ड्रॅगनचे संग्रहालय उघडले आणि २०१९ पासून सव्वाशे मीटरांच्या घरात लांबी असलेला ‘दाई गम लूंग’ मिरवणुकीत चालू लागला.

१९०१ चा तो जुना लूंग आता संग्रहालयात विसावला आहे. ईस्टरला फटाक्यांच्या धडाक्यात नव्या ड्रॅगनला जागे करतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले गाव त्यास आपलाच म्हणते.