जाहीरनाम्यांतील वार्धक्य

वृद्धांची काळजी हा घरचा प्रश्न, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. तो राष्ट्राराष्ट्रांतील विचारविनिमयाचा विषय कसा झाला आणि कोठे अडला, हा इतिहास उद्बोधक आहे.

१९४८ साली अर्जेंटिनाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वृद्धांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडला. त्यात निवारा, अन्न, वस्त्र व आरोग्य यांच्या जोडीला काम, स्वस्थता आणि आदर हेही हक्क होते. आमसभेने तो अभ्यासासाठी आर्थिक व सामाजिक परिषदेकडे धाडला. कार्यालयीन कामकाज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्याच डिसेंबरात मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. त्याच्या २५व्या कलमात वार्धक्य आले, पण ते आजारपण, अपंगत्व आणि वैधव्य यांच्या रांगेत.

पुढे १९६९ मध्ये माल्टा या चिमुकल्या देशाने हा विषय पुन्हा आमसभेपुढे आणला. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९८२ साली, व्हिएन्ना येथे पहिली जागतिक परिषद भरली आणि ६२ शिफारशींचा कृती आराखडा तयार झाला. १९८८ मध्ये माल्टातच वार्धक्यविषयक आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली व विकसनशील देशांतील कर्मचाऱ्यांना तेथे प्रशिक्षण मिळू लागले. व्हिएन्नाचा भर बव्हंशी औद्योगिक देशांच्या अनुभवावर होता. २००२ च्या माद्रिद परिषदेने वार्धक्याची सांगड विकासाशी घातली, हे तिचे श्रेय. तथापि माद्रिदचा आराखडाही कोणत्याही सरकारवर कायद्याने बंधनकारक नव्हता.

आपल्याकडेही असाच भेद दिसतो. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह हे मुलांचे बंधन ठरविले. त्याच कायद्यात निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण तेथे राज्य सरकार तो उभारू 'शकेल' असा शब्दप्रयोग आहे. मुलांसाठी सक्ती आणि शासनासाठी मुभा!

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनी चूक दिसते. घरात सून, मुलगी वा पत्नी जी सेवा करते, तिला मोल लावले जात नाही, म्हणून ती फुकट आहे असे धोरणकर्ते समजतात. घर विखुरले की तिची खरी किंमत कळते. मी स्वतः बदलीच्या नोकरीत दूर होतो. निर्वाहाचे बंधन मी पाळले, पैसे वेळेवर जात होते. पण आईच्या अखेरच्या दोन वर्षांत तिला औषधे हाताने दिली ती शेजारच्या काकूंनी. मुलुखाबाहेर राहणाऱ्या अनेक वाचकांचा अनुभव याहून निराळा नसावा.

एप्रिल २०२५ मध्ये मानवी हक्क परिषदेने वृद्धांच्या हक्कांसाठी बंधनकारक कराराचा मसुदा करण्यास कार्यगट नेमण्याचे ठरविले. अर्जेंटिनाच्या कागदाला तोवर ७७ वर्षे होत आली होती. १९४८ साली जन्मलेली मुले या काळात स्वतः वृद्ध झाली. करार होईल तेव्हा होवो. त्यात 'शकेल' हा शब्द किती ठिकाणी येतो, हे आपण अवश्य मोजावे.