चक्का

वसमतच्या नाही तर सेनगावच्या फाट्यावर शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, की बोर्डावर शब्द ठरलेला: चक्का जाम. 'जाम' इंग्रजी. 'चक्का' घरचाच, पण हिंदीच्या आळीतून फिरून आलेला. संस्कृत 'चक्र', प्राकृत 'चक्क'. त्याचं मराठीत 'चाक' झालं, हिंदीत 'चक्का'. हिंगोलीत बैलगाडीला कुणी चक्का लावत नाही. पण 'चाक जाम' म्हटलं, तर माणूस आंदोलन सोडून पंक्चरवाला शोधेल!

ग्रीक 'किक्लोस' म्हणजेही वर्तुळ, चाक. तो 'चक्रा'चा सख्खा भाऊ, आणि 'सायकल' त्याची लेक. म्हणजे 'सायकलचं चाक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा बोलतो.

२५ सप्टेंबर १९९२ ला सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी सायकलवाले झुंडीनं निघाले. पुढारी नाही, परवानगी नाही. जो पुढं, तो वळण ठरवणार. त्या फेरीचं पहिलं नाव 'कम्यूट क्लॉट', म्हणजे वाहतुकीतली गुठळी. (आपल्याकडं फडक्यात बांधलेल्या दह्याची गुठळी म्हणजेही चक्काच, पण ती व्युत्पत्ती इथं ओढत नाही.) 'क्रिटिकल मास' हे नाव नंतरचं, एका माहितीपटातून आलेलं. त्यात चीनमधल्या बिनसिग्नलच्या चौकाचं वर्णन होतं: सायकली साचत राहतात, पुरेशा झाल्या की सगळ्या एकदम निघतात आणि मोटारी थांबतात.

तिकडचा चक्का जाम असा चाकं फिरवून होतो. आपल्या फाट्यावर मात्र पहिली आडवी लावतात ती बैलगाडी.