गर्भपेशींचे संदेश, कर्करोगाची ओळख

खारघर : गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांत शंभराहून अधिक पेशींचा पोकळ गोळा तयार होतो. त्यातील आतल्या पुंजक्यापासून शरीराचे सर्व अवयव घडतात. हा पुंजका प्रयोगशाळेत वाढवून मिळणाऱ्या पेशी म्हणजेच भ्रूणीय मूलपेशी. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये, तर मानवाच्या १९९८ मध्ये प्रथम वेगळ्या करण्यात आल्या.

मूळ अवस्थेत राहायचे की मज्जा, स्नायू वा यकृत व्हायचे, हे या पेशी बाहेरून येणाऱ्या रासायनिक संदेशांवरून ठरवतात. संदेशवाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते. त्यामुळे आतील प्रथिनांची साखळी जागी होते आणि केंद्रकातील ठरावीक जनुके सुरू वा बंद होतात. विंट, हेजहॉग, नॉच, बीएमपी आणि एफजीएफ हे यातील प्रमुख मार्ग होत.

एकाच संदेशाचा अर्थ मात्र पेशीच्या अवस्थेनुसार बदलतो. एफजीएफचा मार्ग रोखून विंटचा मार्ग चेतवल्यास उंदराच्या मूलपेशी आरंभीच्या अवस्थेत टिकतात, हे २००८ मध्ये दिसून आले. मानवी मूलपेशी नेहमीच्या पद्धतीने वाढवताना मात्र एफजीएफ द्यावाच लागतो. कारण त्या विकासाच्या पुढच्या पायरीवर असतात. बीएमपी आणि अॅक्टिव्हिन या दोन्हींचे संदेश अडवल्यास त्याच पेशी मज्जापेशींकडे वळतात.

जन्मानंतरही हे मार्ग त्वचा, केस व आतड्यांतील मूलपेशींचे नियमन करतात. त्यांत बिघाड झाल्यास पेशींची वाढ आवरत नाही. लहान मुलांच्या मेंदूत होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग त्याचे उदाहरण. त्याच्या चार प्रमुख गटांपैकी दोन विंट आणि सॉनिक हेजहॉग या मार्गांच्याच नावाने ओळखले जातात.

टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनही हे गट ओळखणारी चाचणी विकसित केली. सूक्ष्म-आरएनए आणि जनुकांच्या पातळीवर आधारलेले हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

गट ओळखण्याला महत्त्व आहे. कारण विंट गटातील बहुतांश मुले उपचारांनी बरी होतात. मेंदू व संपूर्ण मणक्यावरील किरणोपचाराने मात्र त्यांची वाढ आणि बुद्धी यांवर परिणाम होतो. या गटातील मुलांना मणक्यावरील किरण पूर्णपणे वगळण्याचा प्रयोग टाटा मेमोरियल सेंटरमध्ये झाला. काही रुग्णांत आजार उलटल्याने तो थांबवून, त्यानंतर कमी मात्रेच्या किरणोपचाराचा अभ्यास हाती घेण्यात आला. बिघडलेला संदेश ओळखता आला, तरी उपचार किती कमी करता येतील, हे रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतूनच ठरवावे लागते.